जयगडहून एफवायला

जयगडच्या मुलाने बारावी काढली की घरात पहिला विषय निघतो तो एसटीचा. रत्नागिरी सुमारे ४५ किलोमीटर. जायला दीडेक तास, यायला तेवढेच. खोली घेऊन राहणं परवडत नसेल तर पुढची तीन-चार वर्षं हे रोजचंच.

तरी कॉलेज रत्नागिरीत आहे, हेही थोडं नाही. रा. गो. भांडारकर रत्नागिरीच्या शाळेत शिकले, पण पुढे शिकायला त्यांना १८५३ मध्ये मुंबईचं एल्फिन्स्टन गाठावं लागलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत म. गो. रानड्यांबरोबर भांडारकरही होते. रत्नागिरीत आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय सुरू व्हायला मात्र १९४५ उजाडलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचा हिशेब क्रेडिटवर आणला. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून लागू झाला. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी ३० तास. सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांत किमान १२० झाली की पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

या हिशेबात गाडीतले तास कुठेच धरलेले नाहीत. सायन्सच्या मुलाला ते सर्वात जास्त जाचतात. जर्नलमध्ये निरीक्षणांचा तक्ता हवा, आलेख हवा, खाली सरांची सही हवी. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. दुपारच्या बॅचला एखादं रीडिंग चुकलं, तर शहरातला मुलगा थांबून पुन्हा घेतो. जयगडच्या मुलाचं लक्ष घड्याळाकडे असतं.

याच धोरणामुळे आता एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत आलं, तर एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. घरची अडचण असलेल्यांना हा मोठाच आधार आहे. पण जयगडला बंदर आहे, १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. कमाईची ओढ दारातच उभी. कामाला लागलेला मुलगा मुदतीचं कॅलेंडर बघत बसणार नाही. कॉलेजनेच त्याला फोन करावा, किती क्रेडिट जमा आहेत आणि परत यायला किती महिने उरलेत ते सांगावं. आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस लावताना एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवावं.