डिस्पोजलची गाडी घेण्याआधी

लष्कराने सेवेतून काढून विकलेली, म्हणजे डिस्पोजलची जुनी गाडी विकत घेऊन तिला मूळ रूपात उभी करायची ठरवणाऱ्याला भारतात पहिली अडचण रंगाचीच येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना देता येतो. म्हणजे ज्या रंगासाठी माणूस त्या गाडीवर भाळतो, तोच रंग तिच्यावर ठेवून तिला स्वतःच्या नावाने रस्त्यावर आणता येत नाही. जाणते लोक वाळूचा किंवा करडा रंग निवडतात. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या दोस्त सैन्याच्या गाड्या वाळूच्या रंगात होत्याच, त्यामुळे जीपला तो शोभतो आणि इतिहासालाही धरून राहतो. पण सौदा करण्याआधी हे माहीत असलेले बरे. कारण बाजारात रंगवून उभ्या केलेल्या, पाहताक्षणी मोह पाडणाऱ्या कित्येक गाड्या हिरव्याच असतात आणि आरसी बुकावरच्या रंगाच्या रकान्यात काही वेगळेच लिहिलेले असते.

मोह पडावा असे या गाड्यांमध्ये पुष्कळ आहे. १९६५ च्या युद्धात हवालदार अब्दुल हमीद यांनी खेमकरण भागात पाकिस्तानचे रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शक्तिमान ट्रकने तर सरहद्दीवर रसद आणि दारूगोळा नेला, तोफा ओढल्या, जवानांच्या तुकड्या चढावर पोचवल्या. देवळाली, अहिल्यानगर, खडकी, देहूरोड या लष्करी वस्त्यांच्या आसपास वाढलेल्या पिढीला शक्तिमानचा आवाज अजून ओळखता येतो. ज्या घरातले आजोबा किंवा वडील फौजेत होते, त्या घरात हा छंद नुसत्या हौशीपोटी येत नाही. म्हणूनच निर्णय नीट व्हायला हवा. अर्धवट सोडलेली गाडी शेवटी भंगारात जाते, आणि शाबूत राहिलेल्या थोड्या गाड्यांतली आणखी एक कमी होते.

तपासणीची सुरुवात बॉनेट उघडून होत नाही, कागद उघडून होते. सेवेतल्या लष्करी गाडीची नोंद आरटीओकडे नसते. तिच्या पाटीवर बाण, खरेदीच्या वर्षाचे दोन अंक, वर्गाचे अक्षर आणि क्रमांक असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली ही नोंदणी संरक्षण खात्याकडेच होते. गाडी सरकारी मालकीतून बाहेर पडली की तिला सर्वसामान्य गाड्यांचा कायदा लागू होतो आणि नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये माजी लष्करी गाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे: संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१ मध्ये. मूळ प्रमाणपत्र, झेरॉक्स नव्हे. लिलावात गाडी घेतलेल्या व्यापाऱ्याने ती तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला विकली आणि वाटेत हा एक कागद हरवला, असे झालेल्या गाड्या जागोजागी शेडमध्ये पडून आहेत. त्यांची किंमत कमी असते, आणि ती कमी का आहे हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

निकामी ठरवलेल्या सरकारी मालाची विक्री बहुतेक ई-लिलावाने होते. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर लष्कराचे लॉट येतात. बोली लावण्याआधी अनामत भरायची आणि माल जसा आहे, जिथे आहे तसा उचलायचा. एका लॉटमध्ये अनेक गाड्या असू शकतात, त्यामुळे एकच गाडी हवी असलेल्या माणसाला व्यापाऱ्याच्या दारी जावेच लागते. लॉट चालवण्याजोग्या गाड्यांचा आहे की फक्त भंगार म्हणून विकला जातो आहे, हे अटींमध्ये शब्द न् शब्द वाचावे. भंगार म्हणून विकलेल्या गाडीचे पासिंग होईल हे आश्वासन कोणी एजंट देत असेल, तर त्याच्याकडून ते लेखी मागावे. ऑनलाइन जाहिरातीत स्वतःला जवान म्हणवणारा, ओळखपत्राचा फोटो पाठवणारा आणि ‘बदली झाली, गाडी स्वस्तात देतो, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा’ म्हणणारा माणूस भेटला तर बोलणे तिथेच थांबवावे. फसवणुकीची ही रीत जुनी आहे आणि पोलिसांनी तिच्याबद्दल अनेकदा सावध केले आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा मार्ग खुला झाला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण सवलतीबरोबर बंधनेही आली. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. शिवाय हा नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींपुरता आहे, म्हणून जीपला तो आधार देतो, मालवाहू ट्रकला देत नाही. इंजिन बदललेल्या गाडीला साध्या नोंदणीतही धोका आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले.

सर्वाधिक शोध असतो तो महायुद्धातल्या जीपचा. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार झाल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याने मागे ठेवलेल्या अनेक भारतात विकल्या गेल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे नागरी जीप देशभर पसरली. खरेदीदाराची गल्लत इथेच होते. ‘लो बॉनेट’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक जीप युद्धातली नसते. पुष्कळदा ती नंतरची नागरी जीप असते, किंवा उंच बॉनेटच्या सीजे-३बी चा पत्रा कापून बसकी केलेली असते.

ओळखायच्या खुणा ठोस आहेत. युद्धकाळातल्या जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नागरी जीपला सात. जुन्या जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या आत बसलेले, स्टेपनी मागे. नागरी सीजे-२ए ला मागे उघडणारे फळके आले आणि स्टेपनी बाजूला गेली. जाळी बदलणे मात्र सोपे असते, म्हणून खाली वाकून चेसिस पाहावी. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरजवळचा आडवा भाग गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने तर आपल्या बोल्टांवर आणि सुट्या भागांवर ‘एफ’ अक्षर उठवले होते, आणि ऐंशी वर्षांनंतरही तारेच्या ब्रशने घासले की ते दिसते. मूळ इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. भारतात त्याच्या जागी पुष्कळदा महिंद्रचे पेट्रोल किंवा प्युजो डिझेल बसवलेले असते. रोज वापरणाऱ्या शेतकऱ्याने किंवा ठेकेदाराने ते शहाणपणानेच केले. पण मूळ रूप हवे असणाऱ्याने त्या गाडीला मूळ गाडीची किंमत देऊ नये.

पत्रा तपासायला खिशात लोहचुंबक ठेवावा. पुट्टीच्या जाड थरावर तो चिकटत नाही. जमिनीच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या ज्या आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या पोकळीत कारखान्यातच लाकूड बसवलेले असे. ते लाकूड पाणी धरते आणि पत्रा आतून गंजतो. कोकणात राहिलेल्या जीपमध्ये ही जागा पहिली पाहावी. पाटे, डिफरन्शियल, गिअरबॉक्स यांचे काम निघाले तरी त्याचा हिशेब मांडता येतो. सडलेली चेसिस आणि पुन्हा पंच केलेला चेसिस नंबर यांचा मात्र हिशेब नसतो, आणि तिथे सौदा सोडून द्यावा.

जोंगाचा प्रश्न वेगळा आहे. ‘निसान पॅट्रोल’ या गाडीवर आधारलेली ही गाडी जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत तयार झाली, आणि तिचे नाव तिथल्या आयुध व तोफगाडा कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन हा तिचा जीव आणि तोच तिचा खर्च. डिस्पोजलनंतर बहुतेक जोंगांमध्ये डिझेल इंजिन बसवले गेले, तेही पुष्कळदा परवानगीशिवाय. मूळ पेट्रोल इंजिन आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळणारी जोंगा मिळाली, तर थोडे जास्त पैसे देऊन ती घ्यावी. दुसरी लवकर भेटत नाही.

आणि शक्तिमान? ‘मान’ या जर्मन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून हा ट्रक तयार होऊ लागला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी देशात लष्करी गाड्या बनवण्याचा जो आग्रह धरला त्यातून तो आला. फोर बाय फोर, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, नाव तीन टनी. जवळजवळ चार दशके तो भारतीय लष्कराचा आधार होता, मग १९९० च्या दशकात अशोक लेलँडच्या स्टॅलियनने त्याची जागा घेतली. इतका काळ इतक्या संख्येने राबलेली गाडी आज नीट जपलेल्या अवस्थेत दिसणे दुर्मीळ झाले आहे, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे. जीप जपायला जगभर माणसे आहेत. शक्तिमान जपला तर तो भारतीयच जपणार.

तरीही एकट्या माणसाने तो घ्यावा का, याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी आहे. इमारतीच्या पार्किंगमध्ये तो मावत नाही. उचलायला साधा जॅक पुरत नाही, गिअरबॉक्स उतरवायला क्रेन किंवा चेनपुली लागते, आणायला ट्रेलर लागतो. ७,५०० किलोच्या वरच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालत नाही. उघड्यावर दोन पावसाळे काढले की केबिनचा पत्रा, वायरिंग, ब्रेकचे रबर सगळे जाते. ज्याच्याकडे छप्पर असलेली शेड, कच्च्या रस्त्याची स्वतःची जमीन आणि जड गाड्यांचा मिस्त्री हाताशी आहे, त्यानेच पुढे जावे.

सुट्या भागांची चिंता लोक जास्त करतात, पण महाराष्ट्रात ती थोडी कमी व्हायला हरकत नाही. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, बंगालमध्ये पानागड या जुन्या मालाच्या बाजारांतून बरेच काही निघते. जे निघत नाही ते करून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या ओतकाम आणि लेथचे काम चालते. नमुना हातात दिला की बुश, पिन, हाऊसिंगचे झाकण तयार होते. जीपचे ६.००-१६ मापाचे टायर तर आजही सहज मिळतात, कारण त्याच मापाचे टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना लागतात. मात्र ट्रॅक्टरचा टायर शेतातल्या वेगासाठी केलेला असतो. महामार्गावर न्यायच्या जीपला तो घालू नये.

चाकांबद्दल एक गोष्ट जीवाशी निगडित आहे. महायुद्धातल्या जीपची काही चाके दोन भागांची, नटबोल्टने जोडलेली असतात. टायरमध्ये हवा असताना ते जोडाचे नट सैल केले तर चाकाचे दोन भाग स्फोट झाल्यासारखे सुटतात. जुन्या ट्रकच्या लॉक रिंगचेही तसेच. गंजलेली रिंग हवा भरताना उडते. हवा पूर्ण काढल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचे. सुरुवातीच्या खर्चात ब्रेकचे सगळे सिलिंडर, होज आणि मास्टर सिलिंडर नवे धरावेत. या गाड्यांत ब्रेकची लाईन बहुधा एकच असते. ती फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

शक्तिमानसाठी आणखी एक वाट आहे, मिळून जपण्याची, आणि तिचा विचार गंभीरपणे व्हावा. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव घरटी फौजी असल्याने ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते, आणि राज्यात अनेक चौकांत निवृत्त रणगाडे स्मारक म्हणून उभे आहेत. रणगाडा फार थोड्यांनी चालवला. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून मात्र प्रत्येक जवान कुठे ना कुठे गेला. माजी सैनिकांची संघटना, सैनिकी शाळा किंवा आयटीआय यांनी मिळून एक शक्तिमान घेतला, तर जागेचा प्रश्न सुटतो, मोटार मेकॅनिकच्या मुलांना खरे काम मिळते आणि तो चालवलेली माणसे अजून ते शिकवायला हयात आहेत. आवारातच फिरणाऱ्या ट्रकच्या वाटेत रस्त्यावरच्या पासिंगचा अडथळाही येत नाही. हे काम पुढे ढकलता येण्याजोगे नाही, कारण जुन्या लॉटमधले उरलेसुरले ट्रक आजही गॅस कटरने कापून वजनावर विकले जात आहेत.