चढण्याआधी खालून पाहा : पावसाळ्यापूर्वी घराच्या छताची तपासणी

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये रंगाचे डबे उघडतात. घरे धुतली जातात, भिंतींना चुना लागतो, दारावर नवा रंग चढतो. या गडबडीत एक गोष्ट मात्र नेहमी घडते. छताजवळचे ओलीचे पिवळे डाग रंगाखाली झाकले जातात आणि जूनमध्ये तेच डाग पुन्हा बाहेर येतात. ते डाग म्हणजे छताने आपल्याला दिलेली सूचना असते. म्हणून पुढच्या वेळी ब्रश हातात घेण्याआधी मान वर करून छत नीट पाहू या. डाग दिसला तर त्याभोवती खडूने गोल काढू या आणि त्याचे कारण सापडल्यावरच रंग देऊ या.

आरोग्याच्या पानावर छताची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. गळक्या छताखालच्या घरात भिंती ओल्या राहतात, ओलीवर बुरशी धरते आणि त्या हवेत लहान मुलांचा खोकला, दमा, सर्दी बळावते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही ओल आणि श्वसनाचे आजार यांचा संबंध मांडला आहे. ओलीमुळे क्षयरोग होत नाही, तो जंतूमुळे होतो. पण "घरात ओल आहे म्हणून खोकला आहे" असे म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. याशिवाय पत्र्यात उतरलेला वीजप्रवाह, पत्रा फुटून झालेला अपघात, स्लॅबचा पडलेला तुकडा ही सगळी दुखणी छताचीच आहेत.

आमचे सांगणे एवढेच आहे की छत तपासायला छतावर चढावे लागत नाही. बहुतेक दोष खाली उभे राहून दिसतात आणि ते पाहायला घरातली कोणतीही मोठी व्यक्ती शिकू शकते. त्यासाठी बॅटरी, लांब कोरडी काठी, खडू, पेन आणि एक वही पुरे.

लोखंडी पत्र्याचे घर

दुपारी कडक ऊन असताना घरातले दिवे बंद करा, दारे-खिडक्या लावा आणि पाच मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. मग वर पाहा. जिथे भोक आहे, जिथे दोन पत्र्यांमध्ये फट आहे, तिथून उजेडाचा ठिपका किंवा रेघ दिसेल. प्रत्येक ठिपक्याची जागा वहीत मांडा : दरवाजापासून किती पावले, कोणत्या भिंतीकडे.

त्यानंतर बॅटरी लावून खिळे आणि हुक पाहा. पन्हळी पत्र्याचा हुक नेहमी उंचवट्यावर असावा. खळग्यातून पाणी वाहते, म्हणून खळग्यात ठोकलेला खिळा आज ना उद्या गळणारच. हुकाखालचा डांबरी वायसर वाळून तडकला असेल तर पाणी हुकावरूनच आत येते. तो बदलण्याचा खर्च थोडा असतो, पण गळती मोठी थांबते. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे उताराच्या दिशेने किमान सहा इंच आणि बाजूने किमान एक पूर्ण पन्हळ झाकलेली असावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाणी जिथे टपकते तिथेच भोक असते असे नाही. पाणी पत्र्याच्या खालून किंवा अँगलवरून घरंगळत येते आणि अडथळा आला की पडते. म्हणून टपकणाऱ्या जागेपासून चढाच्या दिशेने शोध घ्या. आणि पहाटे सगळ्या पत्र्याला खालून सारखेच थेंब लटकलेले दिसले, तर ती बहुधा गळती नसते. घरातली वाफ थंड पत्र्यावर जमलेली असते. तिथे डांबर लावून उपयोग नाही, हवा खेळती ठेवावी लागते.

वादळवाऱ्यात पत्रा बहुधा कडेने आणि आढ्याकडून उचलला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणात असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडाली. काठीने कडेचा पत्रा खालून हळूच ढकलून पाहा. तो खडखडला तर हुक सैल झाला आहे. पत्र्यावर दगड ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. पत्रा उचलला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात पडतो. हुक घट्ट करून घ्या. तोवर वजन ठेवायचेच असेल तर वाळूची घट्ट बांधलेली पोती ठेवा.

सिमेंटचा पत्रा

आपल्याकडच्या जुन्या करड्या सिमेंट पत्र्यांमध्ये अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्याला धोका अधिक. घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. अखंड, चांगल्या स्थितीतल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. पत्रा फुटला, कापला, घासला, त्याचा भुगा झाला की ते हवेत उडतात.

म्हणून खालून पाहताना चिरा, तुटलेले कोपरे आणि पत्र्याखाली पडणारी करडी पूड शोधा. पूड दिसली तर झाडूने कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका. पत्रा करवतीने कापू नका, भोके पाडू नका, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडू नका. तुटके तुकडे मुलांना खेळायला देऊ नका, कुटून भरावात घालू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. आपल्यातले अनेक जण पत्र्याचे, पाडकामाचे, भंगाराचे काम करतात. त्यांनी छातीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेल्यावर आपले काम कोणते आहे हे आवर्जून सांगावे.

स्लॅबचे घर

स्लॅब म्हणजे कायमचा निर्धास्तपणा, असे आपल्याला वाटते. पण चिरेतून पाणी आत शिरले की सळई गंजते. गंज चढला की सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. म्हणून स्लॅबच्या खालच्या अंगाला सरळ रेषेत जाणारी चीर किंवा तांबूस डाग दिसला, तर आत सळई गंजते आहे असे समजा.

बाजूला उभे राहून लांब काठीने छतावर हलके ठोका. नेमके त्या जागेखाली उभे राहू नका. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ, ढबढब येतो. पोकळ आवाजाच्या जागेखाली पाळणा, पलंग, चूल ठेवू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना पेनाने खूण करून तारीख लिहा. महिन्याभराने चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर जाणकार अभियंत्याला दाखवा. उघड्या पडलेल्या गंजक्या सळईवर नुसते प्लास्टर मारून घेऊ नका. आधी सगळा गंज निघाला पाहिजे, नाहीतर तेच प्लास्टर मोठ्या तुकड्याने खाली येते.

वरचे वजनही मोजा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे ५०० लिटरची भरलेली टाकी अर्ध्या टनाची झाली. ती स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, जिथे खाली भिंत आहे तिथे ठेवा.

छत मध्येच खाली झुकलेले दिसणे, वरून सतत वाळू-खडी पडणे, कडकड आवाज येणे, दार अचानक चौकटीत अडकू लागणे, यातले काहीही दिसले तर सामान गोळा करत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि शेजाऱ्यांना सांगा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. रुग्णवाहिकेसाठी राज्यभर १०८.

कौलारू घर

गावाकडच्या घरात कौलांइतकेच वाशांकडे लक्ष द्या. वाशावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. काठीचे टोक वाशात सहज रुतले तर लाकूड आतून गेले आहे. सरकलेले एक कौलही वासा कुजवायला पुरेसे असते.

वीज आणि साचलेले पाणी

छत तपासताना वायर तपासलीच पाहिजे. पत्र्याच्या भोकातून ओढलेल्या वायरचे आवरण पत्र्याच्या धारेने कापले जाते आणि मग सगळा पत्रा, अँगल, लोखंडी दार यांत वीज उतरते. पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत चालू करू नका. वायर जाते तिथे प्लास्टिकची नळी घालून घ्या. कपडे वाळत घालायला अँगलला लोखंडी तार बांधली असेल तर ती आजच काढा, नायलॉनची दोरी लावा. शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी बसवून घ्या आणि त्यावरचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. कुणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा.

छतावरचे टायर, फुटक्या बादल्या, ताडपत्रीला पडलेले खोलगट खड्डे यांत पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पाणी काढून टाका. ताडपत्री ताणून, उतार देऊन बांधा. पण घर चहूबाजूंनी गच्च झाकू नका. हवा जायला-यायला वाट ठेवा.

चढावेच लागले तर

दुरुस्तीचे काम शक्यतो कामाची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. पाऊस, वारा किंवा पत्र्यावर शेवाळ असताना कुणालाही चढू देऊ नका. पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. खाली अँगल आहे त्या हुकांच्या रांगेवर आडवी जाड फळी टाकून तिच्यावरून चालायचे. सिमेंटचा पत्रा आधी कुरकुरत नाही, एकदम फुटतो. शिडी चार फूट उंच असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर, बारा फूट असेल तर तीन फूट. खाली एकाने शिडी धरावी. मुलांना "हलका आहेस, तूच जा" म्हणून वर पाठवू नका.

वही कामाला येते

आपली पाहणी वहीत तीन भागांत लिहा : आज करायचे, पावसाआधी करायचे, पुढच्या वर्षी करायचे. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मिस्त्रीशी बोलताना "सगळा पत्रा बदलावा लागेल" असे तो म्हणाला, तर चार हुक आणि एका फटीसाठी सगळा पत्रा का, हे तुम्ही विचारू शकता.

भाड्याचे घर असेल तर हीच वही घरमालकासमोर ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, लेखी करार वेगळा नसेल तर, घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच ही रक्कम घेता येते. आपल्या घराला हा कायदा लागू होतो का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. स्वतःच्या जागेवरचे कच्चे घर दुरुस्तीपलीकडे गेले असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. गावात ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत चौकशी करा.

तपासणी कधी करायची हे लक्षात ठेवायला आपले सण पुरेसे आहेत. १४ एप्रिलला रंगाआधी पहिली पाहणी. बुद्धपौर्णिमेपर्यंत दुरुस्ती. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणून मे संपण्याआधी हुक, वायसर, वायर सगळे झालेले असावे. वळवाची पहिली सर आली की घरात बसून खडूने गळती टिपा, ती फुकटची परीक्षा आहे. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला दुसरी पाहणी, कारण पावसाने काय बिघडवले ते तेव्हा स्पष्ट दिसते.

एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या आजी, नुकतीच बाळंत झालेली सून, दिवसभर कामावर असणारे जोडपे यांच्या घरचे छत कोण पाहणार? रविवारी विहारात जमल्यावर दोघा-दोघांच्या जोड्या करा आणि दहा-दहा घरे वाटून घ्या. एका घराला अर्धा तास लागतो. आणि विहाराचे छतही यादीत घ्या, कारण घर गळू लागले की माणसे मुलांना घेऊन तिथेच येतात.