डोक्याचा मार लपवू नका

मुलांनो, रग्बीत खेळाडू एकमेकांवर जोराने आदळतात. तेव्हा कवटीच्या आत मेंदू हादरतो. रक्त दिसत नाही. पण चक्कर येते, मळमळते, काही आठवत नाही.

स्टीव्ह थॉम्पसन हे २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात होते. ४२व्या वर्षीच त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे समजले. तो विजय आता त्यांना आठवत नाही! डोक्याला वारंवार बसलेल्या माराचा हा परिणाम, असे ते सांगतात.

म्हणून आता मोठ्या सामन्यांत शंका येताच खेळाडूला बाहेर काढतात. डॉक्टर १२ मिनिटांत त्याची स्मरणशक्ती व तोल तपासतात. लक्षणे स्पष्ट असतील, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू देत नाहीत.

खेळताना तुमच्याही डोक्याला मार लागला, तर लपवू नका. लगेच सरांना सांगा. थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे.