माणसं किती जवळ हवीत?

मित्रहो, आपण जळगाव जामोदला बसलो आहोत. उत्तरेला सातपुडा, भोवती कपाशीची शेतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २६८ माणसं होती. मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार. तरी आपली पोरं म्हणतात, 'गावात जीव कोंडतो, मुंबईत मोकळं वाटतं.' हे कसं काय?

शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञानं १८५१ साली साळिंदरांची गोष्ट सांगितली. थंडी वाजली की ती जवळ येतात, काटे टोचले की दूर सरतात. शेवटी सोसेल तेवढं अंतर ठेवून राहतात. आपल्याकडचा काटा म्हणजे 'कोणाचा रे तू? लग्न कधी?' हा प्रश्न. मुंबईत शेजारी भिंतीला लागून, पण असं विचारत कोणी नाही.

मात्र आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांच्या घराचं दार सकाळी उघडलं नाही, तर हाच विचारणारा शेजारी धावत येतो. म्हणजे आपली आवडनिवड डोकी मोजून ठरत नाही. आपल्याला कोणी किती ओळखावं, यावर ठरते. आणि वयाबरोबर ती बदलते. म्हणून पोरगा गेला तर रागावू नये. परत आला तर त्याच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवावं, एवढंच.