गप्प बसला म्हणजे निघाला?

अमेरिकी फुटबॉलचा, म्हणजे त्या लांबुळक्या चेंडूच्या खेळाचा हंगाम संपला, की न्यूजर्सीतल्या मराठी मित्रांच्या गप्पांत एक वाक्य हटकून येतं: "तो काहीच बोलत नाहीये, म्हणजे नक्की चाललाय." खेळाडूचं नाव दरवर्षी बदलतं, ठामपणा तोच. विरोधात बोलणाराही तितकाच ठाम असतो: "जायचं असतं तर बोलला नसता का?" एकाच मौनातून दोघे दोन अर्थ काढतात, तरी मौनात अर्थ आहे याबद्दल दोघांनाही शंका नसते!

२९ एप्रिल २०२१ ला, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्याच दिवशी, ईएसपीएनने बातमी दिली की ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स नाराज आहे आणि त्याला परतायचं नाही. मे महिन्यातल्या मुलाखतीसारखी मोघम उत्तरं सोडली, तर रॉजर्स जुलैअखेरपर्यंत त्यावर बोलला नाही. जूनच्या सक्तीच्या शिबिरालाही गेला नाही. चाहत्यांनी त्याला परस्पर डेन्व्हरला पाठवूनही दिलं. प्रत्यक्षात तो ग्रीन बेच्याच ट्रेनिंग कॅम्पला हजर झाला, २८ जुलैला पत्रकारांपुढे मनातलं सगळं बोलला आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता उलट बाजू. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या माइल्स गॅरेटने मला ट्रेड करा, अशी जाहीर मागणी केली. मार्चमध्ये त्याने त्याच क्लबशी, वर्षाला सरासरी ४ कोटी डॉलरचा, वाढीव करार केला. त्याच वर्षी १ ऑगस्टला डॅलसच्या मायका पार्सन्सने तशीच मागणी केली आणि महिना संपायच्या आत तो ग्रीन बेला गेला. एक गप्प बसून राहिला, एक बोलून राहिला, एक बोलून गेला. यातून नियम काढायचा कसा?

मुळात एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या लीगमध्ये, ट्रेड हा दोन क्लबांमधला व्यवहार असतो. 'माझ्या संमतीशिवाय ट्रेड नाही' असं कलम करारात असेल, तरच खेळाडूला नकाराधिकार मिळतो, आणि ते कलम मोजक्यांच्याच नशिबी असतं. बाकीच्यांचं बोलणं किंवा न बोलणं हा फक्त दबावाचा भाग. रॉजर्सचंच २०२३ चं उदाहरण घ्या. १५ मार्चला त्याने न्यूयॉर्क जेट्सकडून खेळायचा इरादा जाहीर केला, तरी सौदा ठरायला २४ एप्रिल उजाडला. क्लबांचं मोबदल्यावर जमत नव्हतं. म्हणजे तो बोलल्यावरही चाळीस दिवस काही हललं नाही.

शिवाय करारात असलेल्या खेळाडूशी दुसऱ्या क्लबने परवानगीशिवाय बोलणं हा लीगच्या नियमांचा भंग आहे. टॉम ब्रेडीशी अशी संधानं बांधल्याबद्दल २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सने ड्राफ्टमधली पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड गमावली, मालकाला १५ लाख डॉलरचा दंड झाला. आपल्याला हे नवं नाही. राजस्थान रॉयल्सशी करार न करता इतर संघांशी वाटाघाटी केल्याबद्दल रवींद्र जडेजा २०१० च्या आयपीएलला मुकला होता. अशा वातावरणात कोणता शहाणा वकील खेळाडूला तोंड उघडू देईल?

चेहरे वाचण्यापेक्षा कॅलेंडर वाचा. साइनिंग बोनस खेळाडूला आधीच मिळतो, पण सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेच्या हिशेबात तो करारातल्या वर्षांवर वाटला जातो. खेळाडूला १ जूनपर्यंत ट्रेड केलं, तर उरलेला सगळा हिस्सा त्याच वर्षाच्या कॅपवर कोसळतो. नंतर केलं, तर यंदाचा यंदा आणि बाकीचा पुढच्या वर्षी. २०२१ मध्ये अटलांटाचा हूलिओ जोन्स मे महिन्यात टीव्ही कार्यक्रमातून आलेल्या फोनवर 'मी तिथून बाहेर पडलोय' अशा अर्थाचं बोलून गेला. सौदा झाला ६ जूनला. दुसरी तारीख ट्रेनिंग कॅम्पची. अनुभवी खेळाडूने दांडी मारली, तर रोज ५० हजार डॉलरपर्यंत दंड, आणि २०२० च्या करारानुसार क्लबला तो माफ करता येत नाही. कोण किती नाराज आहे ते इथे कळतं.

आता किरकोळ गैरसमज. 'इन्स्टाग्रामवरून संघाचे फोटो काढले, म्हणजे संपलं': अ‍ॅरिझोनाच्या कायलर मरीने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढले होते, जुलैत त्याच क्लबशी त्याने २३ कोटी डॉलरचा करार केला.

'माध्यमांशी बोलायचं की नाही, ही खेळाडूची मर्जी': हंगाम चालू असताना नाही. मार्शॉन लिंचने तोंड मिटलं म्हणून २०१४ मध्ये त्याला एक लाख डॉलरचा दंड झाला.

'ट्रेड म्हणजे विक्री': युरोपातल्या फुटबॉलमध्ये रोकड मोजतात, इथे मुख्यतः ड्राफ्टमधल्या निवडी हात बदलतात. रॉजर्सच्या बदल्यात पॅकर्सना मिळालेली २०२४ ची निवड दुसऱ्या फेरीची होती. तो जेट्सच्या आक्रमणातल्या ६५ टक्के खेळींत मैदानावर राहिला, तर ती पहिल्या फेरीची होणार होती. ११ सप्टेंबर २०२३ ला, न्यूजर्सीच्याच मैदानावर, चौथ्या खेळीत त्याचा अकिलीस टेंडन तुटला आणि पॅकर्सना दुसऱ्या फेरीवर समाधान मानावं लागलं.