श्टामहाइमचं कोर्ट, कॅमेऱ्याच्या साक्षीनं
पडद्यावरची बंडं : लेखांक सातवा

मराठी वाचकाला स्टुटगार्ट माहीत असतं ते मर्सिडीजमुळे, आणि शाळेतला इतिहास थोडाफार आठवत असेल तर मादाम कामांमुळे. ऑगस्ट १९०७ मध्ये या शहरात आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली होती. लेनिन, रोझा लक्झेंबर्ग अशी मंडळी जमली होती. त्या व्यासपीठावर भिकाजी कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेलं होतं. तो झेंडा आज पुण्यात, केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे.

आजचा लेखांक याच शहराचा, पण सत्तर वर्षांनंतरचा. गेल्या आठवड्यात आपण ‘बॅटल ऑफ अल्जियर्स’ पाहिला. तिथं बंड रस्त्यावर होतं, गल्लीबोळांत होतं. स्टुटगार्टमधलं बंड कोर्टात उभं राहिलं, आणि तेही खास त्याच्यासाठी बांधलेल्या कोर्टात. शहराच्या उत्तर टोकाला श्टामहाइमचा तुरुंग आहे. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या सशस्त्र गटाचे म्होरके त्याच्या सातव्या मजल्यावर ठेवलेले होते: आंद्रेआस बाडर, गुडरून एन्सलिन, उलरिके माइनहोफ आणि यान-कार्ल रास्पे. कैद्यांची ने-आण नको म्हणून तुरुंगाला लागूनच काँक्रीटची नवी इमारत उभारली, आणि २१ मे १९७५ ला तिथं खटला सुरू झाला. तो १९२ दिवस चालला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या गटानं आपल्या हयातीत तीसहून अधिक माणसं मारली. त्यांत बँकेचे अधिकारी होते तसे साधे पोलीस आणि ड्रायव्हरही होते. त्यांना हुतात्मे ठरवायला मी बसलेलो नाही, आणि ज्या सिनेमांची शिफारस करणार आहे तेही ठरवत नाहीत. आपल्याला बघायचंय ते असं, की बंडखोर समोर आल्यावर लोकशाही सरकारचा हात कसा आणि कुठवर चालतो.

राइनहार्ड हाउफचा ‘श्टामहाइम’ (१९८६) नेमकं हेच दाखवतो. पटकथा पत्रकार श्टेफान आउस्ट यांची, आणि संवाद बव्हंशी खटल्याच्या नोंदींवरून घेतलेले. पाठलाग नाही, बॉम्बस्फोट नाहीत. एक दालन, खुर्च्या, माइक, कागदांचे गठ्ठे. न्यायाधीश प्रिन्झिंग (अभिनेता उलरिश प्लाइटगेन) सुरुवातीला अगदी नियमावर बोट ठेवून बोलतात. आरोपी शिव्या देतात, वकील अर्जांमागून अर्ज करतात, न्यायाधीश बोलण्याची परवानगी काढून घेतात. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. अर्ध्या तासानं प्रेक्षक कंटाळतो, आणि तिथंच सिनेमा पकड घेतो. कारण त्या कंटाळ्यातून दोन्ही बाजूंचा तोल सुटताना दिसायला लागतो. माइनहोफच्या चेहऱ्यावर हळूहळू थकवा चढतो. एरवी शब्दांवर हुकमत असलेली ही पत्रकार वाक्याच्या मध्येच अडखळते. ९ मे १९७६ ला ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. न्यायाधीशांचा संयमही झिजत जातो. जानेवारी १९७७ मध्ये पक्षपाताच्या कारणावरून प्रिन्झिंगना खटल्यावरून दूर व्हावं लागलं.

दरम्यान कायदेही बदलले गेले. आरोपींनी उपोषण करून स्वतःच स्वतःची प्रकृती खालावली, असं ठरलं तर त्यांच्या गैरहजेरीतही खटला चालवता येईल, अशी तरतूद खटल्याच्या तोंडावर आणली गेली. बचावाचे काही वकील खटल्याबाहेर काढले गेले. वकील आणि आरोपी यांची खासगी बोलणी चोरून ऐकली जात होती, हे १९७७ मध्ये उघड झालं. एन्सलिनचे एक वकील होते ओटो शिली, सरकारला कोर्टात धारेवर धरणारे. हेच शिली पुढे १९९८ ते २००५ जर्मनीचे गृहमंत्री होते आणि दहशतवादविरोधी कडक कायदे त्यांनीच आणले. पटकथाकारानं रचलं असतं तर आपण ‘फारच ताणलं’ म्हणालो असतो.

बर्लिनच्या महोत्सवात ‘श्टामहाइम’ला गोल्डन बेअर मिळालं. परीक्षकांच्या अध्यक्ष जीना लोलोब्रिजिदा यांनी आपला विरोध जाहीरपणे सांगितला. सिनेमाच्या हाताळणीवर त्यांचा आक्षेप समजू शकतो. हा सिनेमा मुद्दाम कोरडा आहे, माणसांवर जीव जडू देत नाही. मला मात्र तो कोरडेपणाच हवासा वाटतो. तुलनेला उली एडेलचा ‘बाडर माइनहोफ कॉम्प्लेक्स’ (२००८) पाहा. कोर्टाची दृश्यं त्यांनी श्टामहाइमच्या खऱ्या दालनात चित्रित केली. हाउफनं आपला खटला हॅम्बुर्गमधल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये उभा केला होता. तरी खोट्या दालनातलं कोर्ट जास्त खरं वाटतं. एडेलचा सिनेमा इतक्या वेगानं पळतो की गोळीबार आणि रॉक संगीत यांच्या मध्ये विचाराला श्वास घ्यायला जागा उरत नाही. तो बघा, पण सगळ्यात शेवटी.

आता १९७७ चा शरद. ५ सप्टेंबरला कोलोनमध्ये हान्स मार्टिन श्लायर यांचं अपहरण झालं. डाइमलर-बेंझच्या संचालक मंडळातले, उद्योगपतींच्या संघटनेचे अध्यक्ष आणि तरुणपणी हिटलरच्या एसएसचे सदस्य. ऑक्टोबरात कैद्यांच्या सुटकेसाठी एक प्रवासी विमान पळवलं गेलं. १८ तारखेला मोगादिशूत कमांडोंनी ते सोडवलं, आणि त्याच रात्री बाडर, एन्सलिन, रास्पे कोठड्यांत मेले. सरकारी निष्कर्ष आत्महत्येचा. दुसऱ्या दिवशी श्लायर यांचा मृतदेह मिळाला.

‘डॉइचलँड इम हेर्ब्स्ट’ (१९७८) हा सिनेमा याच आठवड्यांतून उगवला. फासबिंडर, क्लूगे, श्लोन्डॉर्फ आणि आणखी कितीतरी जणांनी मिळून, जवळजवळ घाईघाईत केलेला. त्यात स्टुटगार्टमधले दोन अंत्यविधी आहेत. एक श्लायर यांचा, २५ ऑक्टोबरचा, सरकारी इतमामाचा. दुसरा दोन दिवसांनी डोर्नहाल्डेन दफनभूमीत, त्या तिघांचा. शहरात त्यांना पुरायलाच विरोध होता. महापौर मानफ्रेड रोमेल यांनी परवानगी दिली. त्यांचं म्हणणं असं, की मरणापाशी वैर संपायला हवं. हे महापौर म्हणजे फील्डमार्शल रोमेल यांचे चिरंजीव. त्या फील्डमार्शलना हिटलरनं विष घ्यायला लावलं आणि मग थाटात त्यांची सरकारी अंत्ययात्रा काढली. सिनेमा ती १९४४ ची चित्रफीतही मध्ये पेरतो आणि काही न बोलता पुढे जातो.

फासबिंडरचा भाग बघून अनेकांना अवघडल्यासारखं होतं. तो स्वतः, घरातल्या टेबलाशी, आपल्या खऱ्या आईशी वाद घालतो. सध्याच्या काळात तोंड बंद ठेवावं, असं तिचं मत. तो तिला खोदून खोदून विचारतो, आणि शेवटी ती कबूल करते की एखादा चांगला, प्रेमळ हुकूमशहा असता तर बरं झालं असतं. असा संवाद आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर झालेला नाही, असं कुठलं घर आहे?

डोर्नहाल्डेनच्या त्या दफनाचं चित्रीकरण सुरू असताना दिग्दर्शिका मार्गारेटे फॉन ट्रोटा यांची गुडरूनच्या बहिणीशी, क्रिस्टियानेशी ओळख झाली. एन्सलिन कुटुंब पाद्र्याचं. त्या ओळखीतून ‘डी ब्लायेर्न त्साइट’ (१९८१) झाला आणि व्हेनिसला गोल्डन लायन घेऊन आला. बंदूक घेतलेली बहीण आणि लेखणी घेतलेली बहीण. लहानपणी त्यांचे वडील त्यांना छळछावण्यांवरचा ‘नाइट अँड फॉग’ दाखवतात, तेव्हा पोटात ढवळून दोघी बाहेर पडतात. ‘आई-बाप तेव्हा गप्प का बसले’ हा त्या पिढीचा प्रश्न इथून सुरू होतो. तुरुंगातल्या भेटीत दोघी पहारेकऱ्यांसमोर अंगातले स्वेटर बदलतात, ते दृश्य चुकवू नका. एकच सिनेमा बघायला वेळ असेल तर हाच बघा.

स्टुटगार्टचा आणखी एक माणूस, फ्रिट्झ बाउअर. जन्म १९०३, इथलाच तरुण न्यायाधीश, ज्यू, १९३३ मध्ये छावणीत डांबला गेलेला. युद्धानंतर तो सरकारी वकील झाला आणि आपल्याच यंत्रणेतले नाझी शोधत राहिला. आइशमनचा ठावठिकाणा त्यानं गुपचूप इस्रायलला कळवला, कारण जर्मन पोलिसांवर त्याचा भरवसा नव्हता. लार्स क्राउमेंचा ‘डेअर श्टाट गेगेन फ्रिट्झ बाउअर’ (२०१५) त्याच्यावर आहे. बंडखोराच्या हातात इथं फायली आहेत. मांडणी सरधोपट आहे, पण बुर्गहार्ट क्लाउसनरचं काम बघण्यासारखं.

आणि आता मुंबई, जी १९६८ पासून स्टुटगार्टची भगिनी-नगरी आहे. ‘श्टामहाइम’ बघितल्यावर लगेच चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा लावा. लोकशाहीर नारायण कांबळेच्या (वीरा साथीदार) गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. इथं कुणाचाच आवाज चढत नाही. सरकारी वकील १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा संथपणे वाचून दाखवते. बिनबाह्यांचा टॉप घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात. श्टामहाइममध्ये यंत्रणा घाबरलेली होती, म्हणून तिनं कायदे बदलले. मुंबईत काही बदलावं लागत नाही, तारीख दिली की भागतं. दोन्हींत जास्त भीतिदायक कोणतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, बहुधा दुसरं.

योगायोगाचं एक टोक १९७५ मध्येही आहे. श्टामहाइमचा खटला मे महिन्यात उभा राहिला, २५ जूनच्या रात्री आपल्याकडे आणीबाणी लागली आणि दोनच दिवसांनी बर्लिनचा महोत्सव उघडला. स्पर्धेत जब्बार पटेलांचा ‘सामना’ होता: साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव, आणि गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत राहणारा मास्तर. आणीबाणीतल्या राजकीय कैद्यांवरचा आनंद पटवर्धनांचा ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’ १९७८ चा, म्हणजे ‘डॉइचलँड इम हेर्ब्स्ट’च्याच वर्षीचा. १९७८ चे हे दोन एका शनिवारी लागोपाठ बघता आले तर उत्तम.

बघण्याचा क्रम असा ठेवा: आधी ट्रोटा, मग ‘श्टामहाइम’ आणि ‘कोर्ट’ जोडीनं, नंतर १९७८ ची जोडी. बाउअर आणि एडेल जमेल तसे. पुढच्या लेखांकात चिलीला जाऊ, पात्रिसिओ गुझमानच्या ‘बॅटल ऑफ चिली’साठी. तो तीन भागांत, चार तासांहून मोठा आहे, तेव्हा निदान पहिला भाग या आठवड्यात बघून ठेवा.