फेसलिफ्टनंतरची निराशा : पुन्हा शस्त्रक्रिया करावी का?

साठी ओलांडल्यावर फेसलिफ्ट करून घेतली आणि परिणाम मनासारखा झाला नाही, तर ती खंत सहसा कुणापाशी बोलली जात नाही. ‘या वयात हवे होते कशाला?’ हा प्रश्न नको म्हणून माणूस गप्प राहतो आणि मनातल्या मनात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊन टाकतो. असा निर्णय बहुधा लवकर घेतलेला असतो.

फेसलिफ्टची ठळक सूज काही आठवड्यांत उतरते. पण उरलेली सूज, गालांचा ताठरपणा आणि कानाभोवतीचा बधिरपणा ओसरायला कित्येक महिने लागतात. कानामागचा लाल, कडक व्रण मऊ होण्यास वर्षभरही लागू शकते. म्हणून दुरुस्तीचा विचार सहसा सहा महिने ते वर्षभरानंतरच केला जातो. रोज आरशात पाहणाऱ्याला हा काळ फार लांब वाटतो, हे खरे. तरीही तो टाळू नये.

त्यानंतर नेमके काय खटकते, ते एका वाक्यात कागदावर लिहावे आणि शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे शेजारी ठेवावीत. ही शस्त्रक्रिया मुख्यतः गालांच्या खालच्या भागाचा, जबड्याच्या कडेचा आणि मानेचा सैलपणा कमी करते. ओठांभोवतीच्या बारीक रेषा, त्वचेवरचे डाग, डोळ्यांखालच्या पिशव्या हे तिचे क्षेत्रच नव्हे. तक्रार यांबद्दल असेल, तर दुसऱ्या फेसलिफ्टनेही ती जाणार नाही.

काही दोष मात्र खरोखर तंत्राचे असतात. त्वचेखाली स्नायूंना जोडलेला एक पापुद्रा असतो. त्याचे शास्त्रीय वर्णन 1976 मध्ये झाले आणि त्यानंतर तो उचलून घट्ट करण्याची पद्धत रूढ झाली. केवळ त्वचाच ताणली, तर ती लवकर सैल पडते, व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते. पाळी, व्रण, उरलेला सैलपणा यांची दुरुस्ती होऊ शकते. अति ताणलेला चेहरा सुधारणे अधिक कठीण. कारण कापून टाकलेली त्वचा परत आणता येत नाही.

दुसऱ्या खेपेस आतील थर व्रणामुळे एकमेकांना चिकटलेले असतात. चेहऱ्याच्या हालचाली घडवणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा त्यांतून सांभाळाव्या लागतात. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी, मूळ शल्यचिकित्सकाशी मोकळेपणाने बोलावे आणि शिवाय दुसरे मतही घ्यावे. ते देणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी आहे, याची खात्री करावी. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून सर्वसाधारणपणे वगळलेली असते; तेव्हा भूल आणि रुग्णालयासह संपूर्ण खर्च लेखी घ्यावा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात ही बाब किरकोळ नाही.

वय हाच अडथळा नसतो. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांची दखल अधिक घ्यावी लागते. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. हृदयात स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यायचा असतो.

घरच्यांनी आणखी एक पाहावे. व्यक्ती दिवसभर आरशापाशी घुटमळत असेल, माणसे टाळत असेल, झोप आणि भूक हरवली असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी.

दुरुस्ती ठरलीच, तर पहिल्या रात्री सोबतीला जाणते माणूस हवे. एका बाजूचा गाल अचानक फुगला, ताण आणि वेदना वाढू लागल्या, तर त्वचेखाली रक्त साकळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री शल्यचिकित्सकांना कळवावे.